जपानी नॉटवीड : स्वारी कोणाची?

१/७
ब्रिटनमधील जपानी नॉटवीडची हकीकत नेहमी युद्धकथेच्या थाटात सांगितली जाते : परकीय तणाने बेटावर स्वारी केली आणि आता तणनाशक त्याचा निःपात करीत आहे. या कथेचा पूर्वार्ध इतिहासाला धरून नाही आणि उत्तरार्ध विज्ञानाला.

२/७
हे तण ब्रिटनमध्ये आपल्या पायांनी आले नाही. जपानमधून हद्दपार झालेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड याने ते हॉलंडमधील लायडनच्या आपल्या रोपवाटिकेत वाढवले. १८४७ मध्ये उत्रेख्त येथे शोभेची वनस्पती म्हणून त्याला सुवर्णपदक मिळाले. १८५० मध्ये त्याची रोपे लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचली. पुढे रोपवाटिकांनी ती हौशी बागमालकांना विकली.

३/७
त्याचा प्रसारही विलक्षण आहे. ब्रिटनभरातील ही झाडे एकाच मादी झाडाच्या प्रतिकृती आहेत. म्हणजे ती बियांतून नव्हे, तर भूमिगत खोडाच्या तुकड्यांतून पसरली. ग्रॅमभरही वजन नसलेला तुकडा पुन्हा रुजतो. हे तुकडे नद्यांनी वाहून नेले, तसेच बांधकामाच्या मातीतून आणि बागेच्या कचऱ्यातून माणसांनीही नेले.

४/७
ते रानात लावणे हा गुन्हा ठरला १९८१ च्या कायद्याने. म्हणजे क्यूमधील आगमनानंतर १३१ वर्षांनी. विलंब माणसांचा, ठपका मात्र झाडावर!

५/७
आता तणनाशकाविषयी. वरची पाने जाळणे म्हणजे तण मारणे नव्हे. त्याचा जीव जमिनीखाली असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात झाड पानांतील अन्न खोडाकडे धाडते. त्याच प्रवाहाबरोबर ग्लायफोसेट खाली उतरते. हा काळ न जाणता वाटेल तेव्हा केलेली फवारणी म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी.

६/७
स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९ उपचारपद्धती तीन वर्षे शेतात तपासल्या. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले : योग्य वेळी, योग्य मात्रेत दिलेले ग्लायफोसेट सर्वांत प्रभावी, परंतु समूळ उच्चाटन एकाही पद्धतीने साधले नाही.

७/७
‘एका फवारणीत कायमची मुक्ती’ हे आश्वासन म्हणूनच फसवे आहे. तणनाशक निरुपयोगी नाही, पण ते वर्षानुवर्षांच्या देखरेखीचे साधन आहे. झाडाला आक्रमक म्हटले की त्याला पदक देणारे, विकणारे आणि त्याची माती बेफिकिरीने हलवणारे हात नजरेआड होतात. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम त्या हातांकडे बोट दाखवावे.