पाचवा पॉइंट खोडू नका!

फिजिक्सचं प्रॅक्टिकल. ग्राफवर चार पॉइंट एका रेषेत, पाचवा भलतीकडेच. आपण काय करतो? रबर घेतो आणि पाचव्याला गुपचूप रांगेत आणून बसवतो. सही मिळते, जर्नल पूर्ण. खरं सांगा, तुम्हीही केलंय ना? मीही केलंय. म्हणूनच एका चिमुकल्या सरड्याची गोष्ट सांगायचीय.

म्यानमारमध्ये अंबरच्या, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकाच्या, तुकड्यात एक कवटी सापडली. वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. मोठाले डोळे, निमुळतं तोंड, तोंडभर दात. मार्च २०२० मध्ये 'नेचर'ने तिला थेट मुखपृष्ठावर घेतलं. हमिंगबर्डएवढा पक्षी, सगळ्यात छोटा डायनासोर! नाव ठेवलं ऑक्युलुडेंटाविस, म्हणजे डोळा-दात-पक्षी.

शंका लगेच आल्या. दात सरड्यासारखे, डोळ्याभोवतीची हाडंही सरड्यासारखी. त्यात तशाच प्राण्याचा दुसरा, जास्त चांगला नमुना समोर आला. जुलै २०२० मध्ये संशोधकांनी पेपर मागे घेतला. २०२१ मध्ये दुसऱ्या नमुन्यासह नवा अभ्यास आला : हा पक्षी नव्हे, सरडाच. दुसऱ्या नमुन्यावर तर खवलेही होते!

'एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि तोंडावर आपटले,' असं म्हणून हसणं सोपं आहे. पण एक गोष्ट बघा. डोळ्याची हाडं सरड्यासारखी आहेत, हे पहिल्या पेपरातच लिहिलं होतं. न जुळणारा पुरावा त्यांनी खोडला नाही. निष्कर्ष चुकला, नोंदी चुकल्या नाहीत. म्हणून तर इतरांना चूक पकडता आली.

आपण नेमकं उलटं करतो. आपला निष्कर्ष पुस्तकातला, म्हणून हमखास बरोबर. नोंदी मात्र खोट्या. मार्क मिळतात, पण तो पाचवा पॉइंट काय सांगत होता, ते कायमचं राहून जातं. कदाचित वायर सैल असेल, कदाचित आपल्याला मीटरच वाचता येत नसेल. ते कळणं म्हणजेच प्रॅक्टिकल ना? आणि सर-मॅडम, तुम्हालाही एक विनंती : न जुळलेल्या खऱ्या रीडिंगचे मार्क कापू नका. मग कुणाला रबर लागणार नाही.

गंमत म्हणजे, नामकरणाच्या नियमांमुळे त्या सरड्याच्या नावातला 'पक्षी' अजून तसाच आहे. चूक सगळ्यांसमोर, कायमची नोंदलेली. तरी विज्ञानाचं काही बिघडलं नाही. तुमच्या ग्राफचंही बिघडणार नाही.