विश्लेषण : बाथरूमसाठी दिवा घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबता येते का?

पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, वरच्या मजल्यावरून स्लॅब झिरपू लागतो आणि एरवीही ओले असणारे बाथरूम आणखी ओले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी १२ हजारांहून अधिक जणांचा मृत्यू झाला आहे. हे सगळे अपघात बाथरूममधले अर्थातच नाहीत. मात्र घरात माणूस ओल्या अंगाने, अनवाणी आणि ओल्या फरशीवर उभा असतो ती जागा बाथरूमच. तिथल्या गिझरबाबत आता बरीच जागरूकता आहे. दिव्याकडे मात्र अजूनही शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले जाते.

ओल्या अंगाला धोका जास्त का?

कोरडी त्वचा विजेला बऱ्यापैकी अडवते. ती भिजली की हा अडथळा झपाट्याने कमी होतो आणि शरीराचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. घरातला दाब २३० व्होल्ट. म्हणजे शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. १० मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

आता दिव्यांच्या सर्किटवर सहसा असतो तो ६ अँपिअरचा एमसीबी पाहू. २३० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात, कारण ती त्याच्या मर्यादेच्या पंचविसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी रक्कम आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो, माणसासाठी नव्हे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ म्हणून निर्धास्त असणारी घरे प्रत्यक्षात दिव्यापुरती तरी उघडीच असतात.

पाकिटावरचा ‘आयपी’ क्रमांक काय सांगतो?

‘वॉटरप्रूफ’ हा विक्रीचा शब्द आहे. मोजमाप असते ते ‘आयपी’ क्रमांकात. त्यातला पहिला अंक धूळ आणि बाहेरच्या वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो, तर दुसरा पाण्यापासूनचे. आयपी २० म्हणजे पाण्यापासून शून्य संरक्षण. दिवाणखान्यातले बरेचसे डाउनलाइट याच गटातले असतात आणि फॉल्स सीलिंगच्या एकाच कंत्राटात तेच बाथरूमच्या छतातही जाऊन बसतात. आयपी ४४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपी ६५ असेल तर थेट फवारा आणि धूळही अडते. काही काळ पाण्यात बुडूनही चालावे, यासाठी दुसरा अंक किमान ७ हवा.

या क्रमांकालाही मर्यादा आहेत. चाचणी नव्या, नीट बसवलेल्या फिटिंगची होते. वायर आत घेण्यासाठी मागे मोठे भोक पाडले आणि रबरी ग्रोमेट तसेच पाकिटात राहिले, तर आयपी ६५ फक्त खोक्यावर उरते. शिंतोड्यांच्या चाचणीत गरम पाण्याची वाफ येत नाही. वाफ बारीक फटींतून आत जाते आणि थंड झाली की आतच तिचे पाणी होते. सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा मागून येणाऱ्या पाण्याचा. वरच्या घरातली गळती कंड्युइट पाइपमधून थेट फिटिंगच्या पाठीवर उतरते. अशा ठिकाणी महागडा दिवा लावण्याआधी गळती थांबवणे भाग आहे.

आपल्या बाथरूममध्ये ‘कोरडा भाग’ असतो का?

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे मानक बाथरूमची विभागणी क्षेत्रांत करते. टबच्या आतला भाग सर्वात धोक्याचा, त्याच्या वरचा त्याहून कमी, बाजूचा आणखी कमी. ही कल्पना टब असलेल्या युरोपीय बाथरूममध्ये चपखल बसते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शॉवर भिंतीवर आणि पाणी थेट फरशीवर. अशा रचनेसाठी त्याच मानकात शॉवरच्या तोटीपासून १.२ मीटरपर्यंतचा आणि उंचीने किमान २.२५ मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा धरला आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार बाथरूमची किमान रुंदीही १.२ मीटरच आहे. म्हणजे चार फूट रुंदीच्या खोलीत या भिंतीवरून त्या भिंतीपर्यंत सगळेच धोक्याचे क्षेत्र ठरते. शिवाय बादलीतून तांब्याने अंघोळ होते आणि हँड शॉवर किंवा जेट हातात असतो, तेव्हा पाणी कुठवर उडेल याला काही धरबंध नसतो. त्यामुळे लहान बाथरूममध्ये ‘इथे पाणी पोहोचत नाही’ हा हिशेब न करता सगळीकडे किमान आयपी ४४ आणि शॉवरच्या वर आयपी ६५ घेणे शहाणपणाचे. नऊ फुटांवरचा छताचा दिवा हाताच्या टप्प्याबाहेर असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. वॉशबेसिनवरच्या आरशाचा दिवा मात्र ओल्या हाताच्या अगदी जवळ असतो. किमतीत तडजोड करायचीच झाली, तर ती निदान तिथे तरी करू नये.

एलईडी कमी विजेवर चालतो, मग धोका कसला?

एलईडीला वीज कमी लागते, पण बल्बपर्यंत येणारा दाब २३० व्होल्टच असतो. अनेक स्वस्त बल्बांतला ड्रायव्हर मुख्य वीजपुरवठ्यापासून विलग केलेला नसतो. वरचे प्लॅस्टिकचे आवरण निघाले किंवा तडकले, की आतल्या पट्टीला थेट मुख्य दाबाचा स्पर्श होऊ शकतो. पितळी पिनांचे उघडे होल्डर तर बाथरूममध्ये नसलेलेच बरे. फिटिंगवर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतील, तर ते दुहेरी इन्सुलेशनचे असते आणि त्याला अर्थिंगची गरज नसते. धातूच्या फिटिंगवर अर्थिंगचे चिन्ह असेल, तर हिरवी वायर जोडणे ऐच्छिक नसते. १२ व्होल्टची पट्टी घेतल्यास तिचा ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर हवा. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत एलईडी बल्ब आणि ड्रायव्हर येतात. त्यांच्यावर मानक चिन्हासोबत ‘आर’ अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक असतो. सुट्या, बिनखोक्याच्या मालावर तो शोधून पाहावा.

खरा पहारेकरी कोण?

आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत तपासतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याआधी किंवा पोहोचताच तो वीज तोडतो. गळती त्याच्या पाचपट झाली, तर ४० मिलिसेकंदांत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांत, छोट्या जोडण्यांचा अपवाद वगळता, घरगुती ग्राहकांसाठी ही ३० मिलिअँपिअरची मर्यादा नमूद आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दिसायला तसाच असला, तरी माणसाला वाचवण्यासाठी तो पुरत नाही. उपकरणावरचा आकडा वाचायला दहा सेकंद लागतात.

जुन्या चाळींत आणि इमारतींत अनेक ठिकाणी दोनच वायर असतात, अर्थिंग नसते. अशा घरातही आरसीसीबी काम करतो, कारण अंगातून जमिनीत गेलेला प्रवाह त्याला ‘हरवलेला’ दिसतो. फरक एवढाच, की अर्थिंग असते तेव्हा बिघाड होताच वीज जाते. ते नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत बिघाड लपून राहतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला आणि अंगातून जमिनीकडे गळती झाली नाही, तर मात्र आरसीसीबीलाही काही कळत नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला की इलेक्ट्रिशियनला बोलावून तो ‘बायपास’ करून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. ओल कुठे शिरली हे शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडते. त्यापेक्षा बाथरूम आणि गिझरसाठी वेगळा आरसीबीओ बसवला, तर एका ओल्या होल्डरपायी सगळे घर अंधारात जात नाही आणि दोष कुठल्या सर्किटवर आहे तेही लगेच कळते.

भाड्याच्या घरात काय तपासता येईल?

स्विच बंद केल्यावरही एलईडी मंद उजळत असेल, तर बऱ्याचदा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेला असतो. म्हणजे बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज आहे. कारण काहीही असो, असा बल्ब बदलताना मुख्य स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनकडून जोडणी सुधारून घ्यावी. आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबूनही वीज गेली नाही, तर आरसीसीबी निकामी झाला आहे किंवा त्याची जोडणी चुकली आहे. दिव्याच्या काचेच्या आत पाण्याचे थेंब किंवा होल्डरभोवती तपकिरी डाग दिसले, तर ते सर्किट त्याच दिवशी बंद करावे. भाडेकराराच्या मसुद्यात रंगकाम, नळ आणि पंखे यांचा उल्लेख असतो. अर्थिंग आणि आरसीसीबी यांचा क्वचितच असतो. तो घालून घेण्याची संधी सही करण्यापूर्वीच असते, कारण नंतर घरमालक आणि भाडेकरू दोघेही हा खर्च एकमेकांकडे ढकलतात.