तीन पाडवे

मंडळी, आमच्या अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एक चित्र आहे. लेणी पाहायला आलात तर ते चुकवू नका. महाजनक राजाला संसाराचा वीट आला आहे आणि राणी त्याचे मन रमवायला नाच लावते, असा तो प्रसंग. मधोमध नर्तकी, आणि भोवती साथीला बायकाच बसलेल्या. कुणाच्या ओठाशी बासरी, कुणापुढे मृदंग, कुणाच्या हाती झांज. दीड हजार वर्षे त्या तशाच वाजवीत बसल्या आहेत. १७ मार्च २०२० रोजी साथीमुळे लेण्यांना कुलूप लागले. फर्दापूरच्या वाटेवर गारगोट्या आणि माळा विकणारी पोरे घरी बसली. पण त्या चित्रातल्या बायकांना कुणी जेवायला घालावे लागत नव्हते, आणि त्यांच्यावर कुणाची उचलही नव्हती. मला आज ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. ते तमाशाच्या फडातले लोक.

तुम्ही म्हणाल, घरात लेकीसुना वाचतात त्या पानावर तमाशा कशाला? अहो, त्याच लेकीसुनांच्या गावची यात्रा तमाशावाचून पुरी होत नाही. आणि आज आपण नाचगाण्याचे नव्हे, हिशेबाचे बोलणार आहोत. फडाचा हिशेब तुम्हाला जितका लवकर कळेल तितका शहरातल्या नाटकवाल्यालाही कळणार नाही, कारण तो शेतीचाच हिशेब आहे.

तमाशाचे दोन प्रकार. एक संगीतबारी, ती कलाकेंद्रात एका जागी बसलेली. दुसरा ढोलकीफडाचा तमाशा, तो गावोगाव फिरणारा. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, असा त्याचा रात्रभराचा खेळ. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. नाचणाऱ्या, गाणारे, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, शिवाय तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर. दसरा-दिवाळीला फड बाहेर पडतो. थंडीत तंबू लावून तिकिटावर खेळ करतो. त्यात फार काही सुटत नाही, माणसांचे पोट आणि डिझेल निघते. खरी कमाई चैत्र-वैशाखात, यात्रांच्या सुपाऱ्यांवर. आणि पावसाळा लागला की सगळे आपापल्या गावी.

आता पेरणीचा खर्च बघा. हंगाम सुरू होण्याआधी मालक प्रत्येक कलावंताला उचल देतो. पावसाळ्यात त्या माणसाचे घर त्या उचलीवर चालते, पोरीचे लग्न होते, घर शाकारले जाते. मालक ती रक्कम आणतो कुठून? फडाला पीककर्ज देणारी सोसायटी नाही. तो सावकाराकडून आणतो, व्याजाने. म्हणजे बी-बियाणे उधार, मजुरी आगाऊ, आणि पीक उभे राहणार थेट चैत्रात. मध्ये गारपीट झाली तर?

ती २०२० साली झाली.

नारायणगाव हे पुणे जिल्ह्यातले तमाशाचे पंढरपूर. यात्रांचा हंगाम आला की तिथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. पाडव्याच्या सुमाराला तिथे पाय ठेवायला जागा नसते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली. दुसरा दिवस उजाडला तो गुढीपाडव्याचा. ऐन कापणीच्या दिवशी शेतात जाऊ नका म्हणून सांगावे, तसे झाले. इकडे आपला कापूस पडवीत पडून होता, खरेदी केंद्रे बंद होती. पण तो निदान पडवीत तरी होता. उशिरा का होईना, विकला गेला. न झालेला खेळ पुढच्या महिन्यात बाजारात नेता येत नाही.

पुढचे वर्ष तरी बरे जाईल असे वाटले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये नाट्यगृहे निम्म्या खुर्च्यांवर उघडायची परवानगी मिळाली. डिसेंबरात पुण्या-मुंबईला नाटकांचे पडदे वर गेले. आपल्या लेण्यांचे कुलूपही त्याच डिसेंबरात निघाले. पण तमाशाला खुर्च्या कुठे असतात? यात्रा भरली तर तमाशा, आणि यात्रांना बंदीच होती. तरी चैत्राची आशा होती. १३ एप्रिल २०२१ चा पाडवा आला आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर केले. लागोपाठ दुसरा पाडवा गेला. त्याच वर्षी २५ मे रोजी संगमनेरला कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या. वय ८२. ज्या बाईने पुरुषाचा वेष करून फडावर राजे उभे केले, मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह शेवटपर्यंत फडाला आपले नाव दिले, तिला अखेरचा निरोप द्यायलाही माणसे जमू शकली नाहीत, असे ते दिवस होते.

साथीने खेळ बंद पडणे हे काही नवे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याला प्लेग आला, तेव्हा १८९७ साली सरकारने साथरोगाचा कायदा केला. २०२० साली आपल्या राज्याने हुकूम काढले ते त्याच जुन्या कायद्याखाली. साहेबाच्या देशातही तेच झाले. लंडनला ‘द माऊसट्रॅप’ नावाचे एक रहस्यनाटक १९५२ पासून चालू होते. सदुसष्ट वर्षे ते रोज होत होते, ते १६ मार्च २०२० ला थांबले आणि मे २०२१ मध्ये पुन्हा उभे राहिले. फरक एवढाच, की तिथल्या सरकारने नाट्यगृहे, संग्रहालये आणि अशाच संस्था तगाव्यात म्हणून १.५७ अब्ज पौंड बाजूला काढले. आपल्या सरकारने २०२१ साली एकेकट्या कलावंताला एकरकमी ५,००० रुपये द्यायचे ठरवले. दिले ते बरेच केले, मी नावे ठेवीत नाही. पण दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाच्या घरात ५,००० रुपये किती दिवस पुरतात, ते घर चालवणारी बाई मला विचारायच्या आधीच सांगेल.

मग हे लोक तगले कसे? त्याचे उत्तर मला पुस्तकात नाही मिळाले, मिरचीच्या वावरात मिळाले.

आमच्या पंचक्रोशीत एका गावची यात्रा चैत्रात भरते. त्या यात्रेच्या कमिटीत आम्ही पाच जण. २०२० च्या फाल्गुनात घाटाखालच्या खानदेशातला एक फड आम्ही ठरवला. फड लहान, साठेक माणसांचा. सुपारी ७०,००० आणि इसार २०,००० रोख दिला. यात्रा रद्द झाली. मे महिन्यात आम्ही पाचही जण लिंबाखाली लांब लांब बसलो, तोंडाला उपरणी बांधून. प्रश्न एकच, इसार परत मागायचा की नाही? दोघे म्हणाले, राहू द्या, त्यांचीही अडचण आहे. दोघे म्हणाले, वर्गणी लोकांची आहे, उद्या कोण विचारील तर काय सांगणार? पाचवा मी. मी मागा म्हणालो. माझ्याही घरात कापूस पडला होता, मक्याला गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा मला ते बरोबरच वाटले. फोनही मीच केला.

मालक वडीलधारा माणूस. रागावला नाही. म्हणाला, “भाऊ, तुमचा इसार तर उचलीत वाटून झाला. ज्यांना दिला त्यांच्याकडून आता कसा मागू? पण गावाचे पैसे बुडवणार नाही.” जूनमध्ये त्याने १०,००० पाठवले. आम्ही ते देवळाच्या खात्यात भरले आणि विषय संपला असे मला वाटले.

बघा, गाठ इथे आहे. कलावंताने उचल घेतली, पण काम करायची संधीच मिळाली नाही. त्याची चूक नाही. मालकाने पैसे दिले, पण खेळ लागला नाही. त्याचीही चूक नाही. सावकाराचे व्याज मात्र चालूच. आणि पुढच्या दसऱ्याला तोच ढोलकीवाला हवा असेल तर त्याला पुन्हा उचल द्यावी लागणार, नाहीतर तो दुसऱ्या फडात जाणार, किंवा फड सोडूनच जाणार. म्हणजे जुने बी मातीत कुजले, त्याचे कर्ज डोक्यावर, आणि दुबार पेरणीला नवे कर्ज. दुबार पेरणी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

२०२१ च्या पावसाळ्यात सिल्लोडकडे एका पाहुण्याच्या वावरात गेलो होतो. हिरव्या मिरचीचा तोडा चालू होता. तोडणाऱ्यांत एक माणूस डोक्याला टापशी बांधून बसला होता, ओळखीचा वाटला. तोच फडातला ढोलकीवाला. बायको आणि मुलगीही तोडायला होत्या. मुलगी फडात गवळणीत उभी राहायची. मी विचारले, “ढोलकी आहे ना घरी?” तो हसला. बोटे पुढे केली. लालभडक झालेली. “आहे की. पण मिरचीने बोटे पेटतात दादा, रात्री ढोलकीला हात लावला की कळ डोक्यात जाते. कपाशीच्या वेचणीला लागलो की वाजवीन.” त्याच्याकडूनच कळले की मालकाने आमचे दहा हजार पाठवले होते ते फडाचे जनरेटर विकून. मी पाहुण्याकडे चहा घेतला नाही. घरी येऊन बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, “फोन तुम्हीच केला होता ना?” एवढेच म्हणाली.

२०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता. त्या पाडव्याला राज्यातले निर्बंध उठले. आमची कमिटी यावेळी पाच मिनिटांत उठली. मालकाला फोन केला, मीच केला. सुपारी किती म्हणून विचारले, तर म्हणाला, ठरली होती तीच. दोन वर्षांत डिझेल कुठल्या कुठे गेले होते. मी तसे म्हटले. तो म्हणाला, “बोली झाली ती झाली.”

फड आला तो एका ट्रकमधून. माणसे अठ्ठावीस. जनरेटर नव्हते, ग्रामपंचायतीच्या मीटरवरून वायर ओढली. तंबूच्या कापडाला दोन पावसाळ्यांत उंदरांनी भोके पाडली होती, त्यांतून दिवे चमकायचे. गवळणीला तीनच पोरी, पण मावशी तीच जुनी आणि तिचा आवाजही तसाच. तोंडे झाकून दोन वर्षे काढलेला गाव तिच्या पहिल्याच वाक्याला असा हसला की देवळावरची पारवी उठली. ढोलकीवाल्याने सुरुवातीला जरा हात राखून वाजवले, नंतर राखले नाही. वगात माणसे कमी पडली, तेव्हा राजा आणि सावकार एकाच माणसाने केले. आत जाऊन फेटा बदलून यायचा. पोरांनी ते ओळखले आणि तो फेटा बदलून आला की टाळ्या वाजवायची. बाया या वेळी देवळाच्या ओट्यावर उघड बसल्या होत्या, पदराआडून नव्हे. माझी आई ऐंशीच्या पुढची, ती पहाटेपर्यंत हलली नाही.

उजाडता हिशेबाला बसलो. मी ७०,००० पुढे ठेवले. मागचे दहा हजार विसरून जायचे, असे आमच्यात आधीच ठरले होते. मालकाने नोटा मोजल्या, त्यांतून दहा हजार वेगळे काढले आणि माझ्यापुढे सरकवले. “मालक, राहू द्या,” मी म्हणालो. त्याने ऐकले नाही. ६०,००० चे पुडके दोऱ्याने बांधले, कोपरीच्या खिशात घातले. ट्रकात चढता चढता वळला आणि म्हणाला, “भाऊ, पुढल्या वर्षीचा इसार आताच देता का? दसऱ्याआधी उचल द्यायची आहे. त्या ढोलकीवाल्याला धरून ठेवायचा आहे मला.”

दिला. २५,००० दिला. कमिटीला नंतर सांगितले.