विजेत्यांनी भरलेली खंडणी

नेपोलियनचा पराभव म्हटला की वॉटर्लू आठवते, रशियातील बर्फ आठवते. परंतु त्याच्या फौजेला कॅरेबियन समुद्रातील एका बेटावर कालच्या गुलामांनी गुडघे टेकायला लावले, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएरच्या रणभूमीवर हे घडले.

सां-दोमिंग, म्हणजे आजचा हैती, ही फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत सुमारे पाच लाख आफ्रिकी गुलाम राबत. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १७९४ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा जयघोष करणाऱ्या त्याच देशाने १८०२ मध्ये शेजारच्या ग्वाडेलूपमध्ये ती पुन्हा लादली! सां-दोमिंगवर नेपोलियनने आपल्या बहिणीचा पती जनरल लक्लेर याला पाठविले होते. तेथील नेता तुसाँ लुव्हर्त्युर याला वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून कैद करण्यात आले. एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्समधील थंडगार किल्ल्यात त्याचा अंत झाला.

एक कटू सत्य येथे नोंदवायला हवे. तुसाँचा सहकारी देसालिन त्या वेळी फ्रेंचांच्याच बाजूने लढत होता. ग्वाडेलूपची वार्ता आली, तेव्हा त्याचे डोळे उघडले.

फ्रेंचांच्या पराभवाचे सारे श्रेय पीतज्वराला देण्याची काही लेखकांना खोड आहे. ज्वराने फौज पोखरली, लक्लेरही त्यातच दगावला, हे खरेच. पण डास काही तोफांच्या तोंडी चालून जात नाहीत. व्हेर्तिएरच्या टेकडीवर चालून गेला तो फ्रांस्वा कापवा. गोळ्याने घोडा कोसळला, तरी तलवार उपसून ‘पुढे चला’ म्हणत तो पायी धावला. त्याचे शौर्य पाहून फ्रेंच सेनापती रोशांबो याने क्षणभर तोफा थांबविल्या आणि स्वार धाडून त्याचे अभिनंदन केले, असे हैतीत सांगितले जाते. दुसऱ्याच दिवशी रोशांबोने शहर सोडण्याचे मान्य केले.

१ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. त्याच वर्षी देसालिनने उरल्यासुरल्या फ्रेंचांची कत्तल करविली. ती झाकण्याचे कारण नाही.

मात्र रणांगणावर गमावलेले फ्रान्सने हिशेबाच्या वहीत परत मिळविले. १८२५ मध्ये राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत कळविली : पंधरा कोटी फ्रँक. ही भरपाई कोणाला? मळे आणि माणसे ‘गमावलेल्या’ मळेवाल्यांना! ज्यांना जनावरांप्रमाणे विकले गेले, त्यांनीच आपल्या देहाचे मोल मालकाला चुकते करायचे. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचे कर्ज काढावे लागले. हाती पडले दोन कोटी चाळीस लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आली, तरी कर्जाचा फास पिढ्यान्‌पिढ्या सुटला नाही. हैतीच्या दारिद्र्यावर प्रवचने झोडणाऱ्यांनी ही वही एकदा उघडून पाहावी.

त्या फर्मानाला १७ एप्रिल २०२५ रोजी दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी उभय देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. परतफेडीचे वचन मात्र दिले नाही.