हिजरी सन : इस्लामची ओळख कोठून सुरू करावी?

१/ दख्खनच्या इतिहासाची गोडी लागलेल्या आपल्यापैकी अनेकांना इस्लाम प्रथम भेटतो तो सुलतानांच्या स्वाऱ्यांमधून. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. या धर्माची ओळख त्याच्या कालगणनेपासून करून घ्यावी. का, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ महंमद पैगंबरांचा जन्म इसवी सन ५७० च्या सुमारास मक्केत झाला. परंपरेनुसार ६१० मध्ये हिरा गुहेत त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला. ईश्वर एकच आहे, हे त्या शिकवणीचे सार. त्याच्या इच्छेला शरण जाणे, हा ‘इस्लाम’ या शब्दाचा अर्थ.

३/ मक्केतील प्रबळ कुरैश टोळीला हे रुचले नाही. छळ वाढला. ६२२ मध्ये पैगंबर आणि त्यांचे अनुयायी यस्रिबला, म्हणजेच पुढच्या मदिनेला, निघून गेले. हीच हिजरत.

४/ पुढे दुसरे खलिफा उमर यांच्या काळात प्रश्न उभा राहिला : सन कोठून मोजायचा? पैगंबरांचा जन्म होता, पहिला संदेश होता. निवड झाली ती हिजरतीच्या वर्षाची. या निवडीतच धर्माचा स्वभाव दिसतो.

५/ त्या काळच्या अरबस्तानात माणसाला संरक्षण मिळे ते टोळीचे, रक्ताच्या नात्याचे. मदिनेत श्रद्धेच्या नात्याने बांधलेला समाज उभा राहिला : ‘उम्मा’. घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांना तेथील अन्सारांनी भाऊ मानून आसरा दिला.

६/ आता पाच स्तंभ पाहा. कलमा हा श्रद्धेचा उच्चार. नमाज दिवसातून पाच वेळा, एकाच दिशेला तोंड करून. रमजानचे रोजे सर्वांनी एकाच महिन्यात धरायचे. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे साठलेल्या संपत्तीचा वार्षिक वाटा. रोकड व सोन्याचांदीवर तो चाळिसावा. आणि ऐपत असेल त्याने आयुष्यात एकदा हज. व्यक्तीची उपासना येथे सतत समाजाशी जोडलेली आहे.

७/ म्हणूनच पहिली मोठी फूटही समाजाच्या नेतृत्वावरून पडली. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले. वारस कोण, या वादातून पुढे सुन्नी व शिया हे पंथ आकाराला आले. ६८० मध्ये करबल्यात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना. शियांसाठी तो शोकाचा.

८/ हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे : ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपल्या पंचांगातला अधिक मास त्यात नाही. कुराणानेच तशी भर निषिद्ध ठरवली. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो.

९/ उपासनेला हे चालते, शेतसाऱ्याला चालत नाही. पीक सूर्याच्या गतीने येते. म्हणून दख्खनमध्ये इसवी सन १३४४ च्या सुमारास शुहूर सन निघाला. आकडा त्या वेळच्या हिजरीचा, गणना सौर, वर्षारंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरताना. शिवकालीन कागदांतला ‘सबा सबैन अलफ’ म्हणजे शुहूर १०७७; ५९९ मिळवा, इसवी सन १६७६ येते.

१०/ येथेच माझा मुद्दा आहे. मुसलमान राज्यकर्त्यांनी महसुलासाठी धर्माची कालगणना बाजूला ठेवली, आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या स्वराज्याने तीच शुहूर गणना वापरली. राज्याची गरज एक, श्रद्धा दुसरी. काही वेळा त्या हातात हात घालून चालल्या, राजांनी धर्माच्या नावाने अत्याचारही केले. ते झाकण्याचे कारण नाही. पण कोणत्या कृतीमागे श्रद्धा होती आणि कोणत्या कृतीमागे सत्ता, हे ओळखायचे तर आधी श्रद्धा काय सांगते ते ठाऊक हवे. एरवी आपण इतिहास वाचत नसतो; आधीच ठरवलेला निकाल वाचत असतो.