जेवणाच्या हिशेबात न धरलेले खाणे

साठी ओलांडलेले एक गृहस्थ मध्यरात्रीनंतर धाप लागून आमच्या वॉर्डात आले. हृदयाचे ‘पंपिंग’ आधीच कमी, पायांवर घोट्यापर्यंत सूज, छातीत पाणी भरल्याचा आवाज. लघवीची इंजेक्शने दिली, ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत ते आडवे झोपू शकले. असा रुग्ण अचानक का बिघडतो याची कारणे ठरलेली असतात. गोळ्या बंद केल्या का? केल्या नव्हत्या. जंतुसंसर्ग? नाही. नवा झटका? ईसीजीत तसे काही नव्हते. जेवणात मीठ वाढले का, असे विचारल्यावर त्यांच्या पत्नी जवळजवळ रागावल्याच. ‘डॉक्टर, घरात वेगळी आळणी भाजी करते यांच्यासाठी. दोन चपात्या आणि भाजी, एवढंच जेवण आहे यांचं.’

त्यात काहीही खोटे नव्हते. तिसऱ्या दिवशी गप्पांच्या ओघात कळले, की चार दिवस आधी दोघे देवदर्शनाला एसटीने जाऊन आले होते. जाताना एका थांब्यावर वडापाव, पुढे खारे शेंगदाणे, गाडीत फरसाणाची पुडी, संध्याकाळी भूक नव्हती म्हणून नुसती भेळ, येताना पुन्हा तेच. जेवले कुठेच नव्हते! मराठीत ‘जेवण’ आणि ‘खाणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि डॉक्टर पहिल्याबद्दलच विचारतो. चहाबरोबरची खारी, टीव्हीसमोरचा चिवडा, नातवाच्या पाकिटातले चार वेफर्स, प्रवासात ‘तोंडात टाकायला’ घेतलेले काहीतरी, यातले काहीच जेवण नसते. त्यामुळे ते केसपेपरवर येत नाही. गेली पंचवीसेक वर्षे मीही रुग्णांना ‘जेवता काय?’ असेच विचारत आलो, हे कबूल केले पाहिजे.

२०२५च्या जुलैमध्ये समोसा-जिलेबीवरून देशभर जो गदारोळ झाला, तो आठवावा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ जून रोजी इतर मंत्रालये व कार्यालयांना पत्र पाठवले होते. कार्यालयांच्या उपाहारगृहांत, बैठकीच्या खोल्यांत पदार्थांतील छुपे तेल व साखर किती, हे सांगणारे फलक लावावेत, अशी ती सूचना होती. बातम्यांत त्याचे रूपांतर ‘सिगारेटप्रमाणे समोशावरही इशारा’ असे झाले. नागपूरच्या एम्सचे नाव त्यात आले. मग विनोद सुरू झाले, आपल्या खाद्यसंस्कृतीवर घाला वगैरे झाले, आणि महिन्याच्या मध्यावर सरकारला खुलासा करावा लागला, की फेरीवाल्यांच्या कोणत्याही पदार्थावर इशारा छापायला सांगितलेले नाही. खुलासा बरोबर होता. मात्र त्या आठवड्यात छुप्या तेलाबद्दल जे बोलायला हवे होते, ते राहूनच गेले.

माझ्या मते समोसा हा या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक पदार्थ आहे. तो तळलेला आहे हे दिसते, तो खाताना माणसाला थोडी अपराधी भावना असते, आणि दोन खाल्ले की पोट भरते. खारी आणि टोस्टचे तसे नाही. ‘हलके’ म्हणून ते आजारी माणसाला चहात बुडवून दिले जातात. खारीत मैद्याबरोबर स्निग्धांशाचाही मोठा वाटा असतो, पण ती कोरडी असल्याने तेल जाणवत नाही. फरसाणाच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण पाचशेहून अधिक कॅलरी असतात. म्हणजे पाच-सहा फुलक्यांच्या बरोबरीचा ऐवज, तोही बातम्या पाहता पाहता संपणारा. उपवासाच्या बटाटा वेफर्सबद्दल न बोललेलेच बरे.

खर्चाचे आकडे हेच सांगतात. केंद्राच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ‘पेये, प्रक्रिया केलेले पदार्थ इत्यादी’ असा एक गट असतो. बाहेरून विकत घेतलेले तयार जेवणही त्यातच मोजतात. २०११-१२मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चात या गटाचा वाटा ७.९ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ९.८४ टक्के झाला. शहरांत तो ११ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. धान्यावर आपण जेवढे खर्च करतो, त्याहून हे अधिक आहे. ही केवळ मुंबई-पुण्याच्या मॉलची गोष्ट नाही. माझ्या ओपीडीत तालुक्याच्या गावांहून येणाऱ्या बायांच्या पिशवीत लहान मुलासाठी पाच रुपयांचे पाकीट असतेच, आणि रांग लांबली की ते मुलाचे दुपारचे जेवण होते.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. पाकीटबंद नमकीन-भुजियावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर, बिस्किटे, केक आणि चॉकलेटवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर उतरला. सुका मेवाही १२ वरून ५वर आला, हे न्यायाने सांगायला हवे. थंड पेयांना ४० टक्क्यांच्या वरच्या दरात टाकले, पण आधीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून तेवढाच होत होता, म्हणजे तिथे वाढ अशी झालीच नाही. महागाईत सामान्य घराला दिलासा मिळाला, हे मी नाकारत नाही. तरी जूनमध्ये ‘तेल-साखर कमी खा’ असे पत्र काढणाऱ्या सरकारनेच सप्टेंबरमध्ये बिस्किटांचा पुडा स्वस्त करावा, हे एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने मीठ देण्यासारखे झाले.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर स्पष्ट सूचना असावी, हा प्रश्नही रेंगाळलेलाच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला. त्यावर आक्षेप असा, की एखाद्या पदार्थात थोडे दाणे किंवा तंतुमय घटक घातले की मिठाचे पाप काही अंशी धुतले जाते आणि तारे वाढतात. चिलीसारख्या देशाने २०१६पासून ‘मीठ जास्त’, ‘साखर जास्त’ असे काळे अष्टकोन छापायला लावले. मला तेच पटते, कारण तारा पाहून माणूस विकत घेतो आणि काळा शिक्का पाहून क्षणभर थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये या विषयावर तीन महिन्यांची मुदत दिली, जुलैमध्ये ती आणखी तीन महिने वाढवली. मोठ्या साखळी हॉटेलांना २०२२पासून मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. बर्गर खाणाऱ्याला तेवढी तरी सोय आहे, एसटी स्टँडवरच्या माणसाला ती नाही.

तोवर पाकिटामागचा छोटा तक्ता वाचायला शिकावे. त्यात ‘मीठ’ असा शब्द बहुधा सापडत नाही, ‘सोडियम’ असतो. तो आकडा अडीचने गुणला की मीठ मिळते. अनेक नमकीनच्या पाकिटांवर शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा निरोगी माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, आणि त्यात घरच्या आमटीचे, चपातीचे, लोणच्याचे मीठही आले. आणखी एक: काही पाकिटांवर आकडे ‘एका सर्व्हिंग’चे असतात आणि सर्व्हिंग वीस किंवा तीस ग्रॅमचे धरलेले असते. वीस ग्रॅम चिवडा वाटीत घालून एकदा बघाच.

उघड्यावरच्या तळणाबद्दल वेगळी काळजी आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८पासून आहे. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची असते. गाडीवाल्याकडे मोजायचे यंत्र नसते, पण गिऱ्हाइकाला डोळे असतात. तेल काळपट, चिकट झालेले, कढईत फेस येत असलेला आणि मंद आचेवरही धूर निघत असलेला दिसला, तर पुढे चालावे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली भजीही नकोत, शाईतली रसायने गरम तेलात उतरतात. ज्या कागदावर हे छापले जाते, त्यालाही हे लागू आहे.

‘बाहेरचे काही खाऊ नका’ हा सल्ला मात्र मी आता देत नाही. तो पाळला जात नाही, आणि मधुमेहींसाठी धोक्याचा ठरू शकतो. सकाळी इन्शुलिन किंवा गोळी घेऊन निघालेला माणूस, घाटात अडकलेली गाडी, आणि बाहेरचे खायचे नाही म्हणून उपाशी पोट, अशाने घाम फुटून, बोलणे अडखळून दाखल झालेले रुग्ण आम्ही पाहतो. इडली, पोहे, उकडलेले अंडे, भाजलेले चणे, बिनमिठाचे शेंगदाणे, केळे यांतले काहीतरी बहुतेक स्टँडवर मिळते. किडनीचा आजार असलेल्यांनी, तसेच हृदयासाठी काही विशिष्ट गोळ्या चालू असलेल्यांनी केळे आणि शहाळे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, त्यातल्या पोटॅशियममुळे.

हे सगळे सांगणारा मी रात्रपाळीत पहाटे चार वाजता काय खातो, हे आमच्या सिस्टरना विचारू नये. सरकारी रुग्णालयांच्या दारात सहसा वड्याची गाडी असते आणि फळवाला संध्याकाळीच घरी जातो. रात्री नातेवाइकांसोबत बसलेल्यांना दुसरा पर्याय ठेवलेलाच नसतो. फलक लावायचेच असतील, तर आमच्या भिंतींपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण फलकाखाली परवडणारे काहीतरी मिळायलाही हवे.

ते गृहस्थ पंधरा दिवसांनी तपासणीला आले, वजन तीन किलोने उतरले होते. मी सांगितले होते म्हणून पत्नीने घरातली सगळी पाकिटे पिशवीत भरून आणली होती. आम्ही दोघांनी मिळून सोडियमचे आकडे वाचले. फरसाणाला त्या आधीच दोष देत होत्या. पण सर्वांत मोठा आकडा निघाला तो गरम पाण्यात घालायच्या तयार सूपच्या पुडीवर. भूक कमी झाली होती आणि काहीतरी हलके हवे, म्हणून ते सूप त्या गेला महिनाभर रोज रात्री त्यांना देत होत्या.