जास्वंद फुलत नाही?

मैत्रिणींनो, गणपतीला अजून सहा महिने आहेत, मग आत्ताच जास्वंदीचे का काढले, असे तुम्ही म्हणाल. पण भाद्रपदात लाल फूल हवे असेल, तर हात आत्ताच लावायला हवा. महाशिवरात्र झाली, थंडी सरली, की जास्वंदीची कात्री काढावी.

आधी आमच्या घरातली हकिगत सांगते. माझ्या जळगावच्या गच्चीवरच्या जास्वंदीच्या एकाच फांदीच्या मी दोन काड्या केल्या. एक माझ्या कुंडीत लावली, दुसरी धुळ्याला धाकट्या नणंदेकडे दिली. वर्षाने माझी फुलली. तिची मात्र नुसतीच वाढली. पाने तळहाताएवढी, काळीशार हिरवी, आणि कळी एक नाही!

एक दिवस तिचा फोन आला. "वहिनी, कसलं हो झाड दिलंत?" असे हसत म्हणाली, आणि मग आवाज खाली आला. सासूबाई येता-जाता कुंडीपाशी थांबतात, शेजारणींसमोर म्हणतात, "हाई झाड वांझ शे." नणंदेच्या लग्नाला चार वर्षे झाली आहेत, घरात पाळणा नाही. बोलणे झाडाला असले, तरी लागत होते कुणाला, हे तुम्हांला सांगायला नको.

दुसऱ्याच आठवड्यात मी एस.टी.त बसले आणि एरंडोल-पारोळ्यावरून धुळे गाठले. झाड पाहिले आणि सगळा उलगडा झाला.

कुंडी होती ओसरीच्या आत, भिंतीला टेकून. ऊन करपवील या भीतीने ठेवलेली. भीती खोटी नाही. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पण जास्वंदीला रोज निदान पाच-सहा तास ऊन मिळाले नाही, तर ती कळी धरत नाही. माती निव्वळ काळी, दगडासारखी बसलेली. आणि शेतावरच्या गोणीतला युरिया दर आठवड्याला चमचाभर! माया म्हणूनच घालत होती बिचारी.

सासूबाई शेतीवाडीतल्या. मी त्यांनाच विचारले, "मावशी, कपाशीला युरिया जास्त झाला तर काय होतं?"

"काय व्हायचं? झाड माजतं, पाते धरत नाही."

"मग ही कपाशीचीच बहीण आहे. भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद, सगळी एका कुळातली. हिलाही खाणं जास्त झालंय, अन् ऊन कमी."

त्या काही बोलल्या नाहीत, पण पान उलटून नीट पाहिले. मी आणखी एक सांगितले. आपल्या घरची जास्वंद फुलली तरी सहसा बी धरत नाही, काडीवरूनच वाढते. म्हणून तिला कुणी नावे ठेवत नाही. गणपती तिचे फूल आवडीने घेतो.

मग त्या दोघींना घेऊन जे केले, तेच तुम्हांलाही सांगते :

१. छाटणी : जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटव्यावर. म्हणून प्रत्येक फांदीचा वरचा तिसरा हिस्सा, डोळ्याच्या जरा वर, तिरका कापा. झाड अशक्त असेल तर निम्म्या फांद्या आत्ता, निम्म्या महिन्याने.

२. माती : एक भाग काळी माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे हवे. आपली माती मुळातच चुनखडीची, तेव्हा चुलीची राख घालू नका. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजा.

३. खत : युरिया बंद. जास्वंदीला पोटॅश मानवते. बाजारचे पोटॅश दहा इंची कुंडीला महिन्यातून पाव चमचाच, ओल्या मातीत, खोडापासून दूर. नाहीतर केळीच्या साली बारीक चिरून मातीत पुरा. केळ्यांच्या जिल्ह्यात सालींना काय तोटा?

४. ऊन-पाणी : एप्रिल-मेमध्ये सकाळचे ऊन अकरापर्यंत द्या, पुढे हिरवी जाळी किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करा. पाणी सकाळ-संध्याकाळ. एक दिवस कोरडे आणि एक दिवस चिखल, असे झाले की कळ्या गळतात. कडक उन्हाळ्यात थोड्या कळ्या गळतीलच, घाबरू नका. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.

५. कीड : खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की कळ्यांच्या देठाशी पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण शोधा. जुन्या ब्रशने खरवडा. एक लिटर पाण्यात एक चमचा कडुलिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी ढवळून, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठ दिवसांनी पुन्हा.

धुळ्याच्या झाडाने मे महिन्यात पहिल्या कळ्या टाकल्या. नणंदेने पुन्हा फोन केला, रडवेली झाली होती. मी म्हटले, "पावसाची वाट पाहा." मृगानंतर नवे फुटवे आले, आणि चतुर्थीच्या सकाळी तीन फुले उमलली. सासूबाईंनीच ती खुडली आणि सुनेच्या हातात देऊन म्हणाल्या, "तू वाहा." तो शब्द त्यानंतर त्या घरात उच्चारला गेलेला नाही.

पाळणा अजून हललेला नाही. तो प्रश्न वेगळा. नवरा-बायकोने मिळून डॉक्टरांकडे न्यायचा, दोघांनीही तपासून घ्यायचे. कुंडीपाशी उभे राहून त्याचा निकाल कुणी लावू नये.

तेव्हा बायांनो, न फुलणाऱ्या झाडाला नाव ठेवण्याआधी त्याला ऊन किती मिळते ते बघा. या रविवारी कात्री घ्या, आणि गणपतीत किती फुले आली ते मला जरूर कळवा.